आक्काच्या घागरीचं पाणी

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारे बँकेतले साहेब बदली होऊन सोलापूरला गेले आणि जाताना आमच्या पुढच्या खोलीत एक काचेची पेटी आणि सहा मासे ठेवून गेले. आमचं घर लिंगायतांचं. रविवारी शेजारून तांबड्या रश्श्याचा वास आला की आक्का खिडकी लावून घ्यायची आणि गरज नसताना हिंगाची फोडणी करायची. अशा घरात मासे आले ते माझ्यामुळे. मी तेव्हा नववीत होते. शाळेतून आले की दप्तर जिन्यात टाकून वर जायचे आणि साहेबांच्या बायकोशी गप्पा मारायच्या निमित्ताने त्या पेटीसमोर बसून राहायचे. पेटीतले सोनेरी, लाल, झालरीच्या शेपटीचे मासे ओळखीपाळखीच्यांनी हौसेनं मागून नेले. राहिले ते तळाशी सरपटणारे सहा. बोटाएवढे, मातकट, तोंडाला बारीक मिशा. ते कोणालाच नको होते. बाई म्हणाल्या, हे नेलेस तर पेटीही तुझीच. मी धावत आप्पांकडे गेले. माझ्या वडिलांना कोणालाही नाही म्हणता येत नसे. गिऱ्हाइकाला नाही, भाडेकरूला नाही आणि मला तर नाहीच नाही. ते म्हणाले, दुसरं कोणी घेणारं मिळेपर्यंत ठेव, पण आक्काला तू सांग.

आक्का ही आप्पांची थोरली बहीण. तिला कुरुंदवाडला दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून ती आमच्याकडे होती आणि घर तिच्या आवाजावर चालत होतं. पहाटे नळाला पाणी आलं की पहिला आवाज तिचा. मग बादल्यांचा, मग तिच्या लिंगपूजेतल्या घंटेचा, आणि उजाडता उजाडता आई भाकरी थापायला बसली की परातीचा. आईचा स्वतःचा आवाज त्या घरात क्वचितच ऐकू यायचा, पण तिच्या भाकरीचा आवाज अजून माझ्या कानात आहे. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. आक्काही तसंच बोलायची आणि तिच्या तोंडी ते शोभायचं. माशांचं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ठेव, पण मी त्या खोलीत पाय टाकणार न्हाय. शिवाय दोन अटी घातल्या. पेटीला हात लावला की साबणाने दोनदा हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, आणि सोमवारी पेटीवर टॉवेल टाकायचा. सोमवारी त्यांनी आपल्याकडे बघू नये की आपण त्यांच्याकडे, हे तिने सांगितलं नाही.

तिचा निर्धार फार टिकला नाही, कारण दुपारचं वारं फक्त त्याच खोलीत यायचं आणि शेंगा फोडायला उजेडही तिथेच होता. पहिले काही दिवस ती उंबऱ्यात पेटीकडे पाठ करून बसली. मग कडेला तोंड करून बसली. एका दुपारी मी शाळेतून आले तर ती पेटीपासून हातभर अंतरावर मांडी घालून बसलेली, पुढ्यात शेंगांची पाटी, आणि टरफलं तशीच हातात. मला बघून म्हणाली, "राजी, ह्यो मेला मला डोळा मारतोय की." खरंच तसं होतं. या जातीच्या माशाला डोळा खाली फिरवता येतो आणि बघणाऱ्याला वाटतं त्याने डोळा मिचकावला. मी ते तिला समजावून सांगितलं, पण तिला माझं पटलं नाही. ती आणखी जवळ सरकली आणि तेव्हाच तिला त्यांच्या अंगावरच्या रेघा दिसल्या. तीन आडव्या रेघा, डोक्यापासून शेपटीपर्यंत. आक्काने आपल्या कपाळाला हात लावला. तिथेही तीनच होत्या, सकाळच्या विभूतीच्या. दुसऱ्या दिवशी तिने दोडक्याची एक फोड उकडून मला दिली आणि टाकून बघ म्हणाली. सहाही मासे त्या फोडीवर तुटून पडले. झालं. मासे शाकाहारी ठरले. आमच्या फिरत्या स्वामींना जंगम म्हणतात. आक्का त्या सहांना 'बारके जंगम' म्हणायला लागली, कारण ते एका जागी बसत नसत आणि मिळेल ते गोड मानून घेत. मी त्यांना रोज दुकानातल्या तपकिरी गोळ्याही घालत असे. त्या गोळ्या कशाच्या करतात ते मी आक्काला शेवटपर्यंत सांगितलं नाही. एवढं एक पाप माझ्या नावावर आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

पहिलं दुखणं माझ्याच हातून ओढवलं. पेटी धुवायची म्हणून मी मासे जाळीने काढत होते. या माशाच्या पुढच्या परात, म्हणजे पोहायच्या पंखात, एक काटा असतो, घाबरला की तो ताठ करतो. तो काटा जाळीत असा अडकला की सुटेना. मी ओढलं तर तो मासा चक्क करकरला. एवढ्याशा जिवातून आवाज येतो हे मला माहीत नव्हतं, आणि मी रडायला लागले. आईने शिवणाच्या डब्यातली बारीक कात्री आणली. आक्काने मासा ओल्या फडक्यात धरला. होय, तिनेच धरला, विटाळ वगैरे काही न आठवता. आईने जाळीचा एक एक धागा कापून काटा मोकळा केला. पर मुळाशी फाटला होता, रक्तासारखं काहीतरी दिसत होतं. आक्का म्हणाली हळद दाबूया. नशिबाने मी तेवढ्यात सायकल काढली आणि लक्ष्मीपुरीत दस्तगीरचाचांच्या पाळायच्या माशांच्या दुकानात गेले.

दस्तगीरचाचांचं दुकान म्हणजे एका अंधाऱ्या बोळातल्या चार-पाच पेट्या आणि त्यांच्यामध्ये स्टुलावर बसलेले चाचा. हळदीचं ऐकून ते हसले नाहीत. त्यांनी मला पाणी प्यायला दिलं आणि म्हणाले, "ह्या माशाला खवलं न्हाईत, बाळ. उघड्या अंगाचा हाय ह्यो. दुसऱ्याला जे औषध, ते ह्याला जहर. मीठ घालू नको, हळद घालू नको. निळं औषध देतो, बाटलीवर लिवलंय त्याच्या निम्मंच घाल. आन् स्वच्छ पाणी. खरं औषध तेच." वेगळं ठेवायला भांडं हवं होतं. आक्काने लोणच्याची काचेची बरणी रिकामी केली, लोणचं दुसरीकडे काढलं आणि बरणी उन्हात वाळवून माझ्या पुढ्यात आणून ठेवली. त्या बरणीला घरात कोणी धुतलेल्या हातानेही शिवत नसे. मासा आठवडाभर बरणीत राहिला. मी रोज बरणीतलं पाणी काढून रात्रभर बादलीत ठेवलेलं पाणी भरत होते, निम्मं औषध थेंब मोजून घालत होते आणि आक्का बरणीशेजारी बसून त्याला कोण काय म्हणालं, भाजी काय केली, हे सांगत होती. जखम भरली. पर जरा वाकडा राहिला, म्हणून त्याचं नाव वाकड्या पडलं. तो परत पेटीत सोडला तेव्हा बाकीचे पाच त्याच्याभोवती गोळा झाले, आणि आक्काने पदराने डोळे पुसले. विचारल्यावर म्हणाली, कांदा चिरत होतो. कांदा त्या दिवशी नव्हता.

त्यानंतर महिनाभराने मासे आजारी पडायला लागले. आधी एक दोघं कोपऱ्यात जाऊन बसले, पर मिटून. मग त्यांच्या मिशा झिजल्यासारख्या आखूड दिसायला लागल्या. मग ते सारखे वर येऊन हवा गिळायला लागले. एका सकाळी एक मासा उलटा तरंगत होता आणि तीन दिवसांनी दुसरा. मी चाचांकडे चकरा मारत होते. ते म्हणाले तळाचे रंगीत खडे धारदार असतील, त्याने मिशा कापतात, मऊ वाळू घाल. आम्ही पंचगंगेच्या काठची बारीक वाळू आणली. आक्काने ती तांदळासारखी सात पाण्यांनी धुतली. मासे वाळूत तोंड खुपसून दोन दिवस खूश दिसले आणि पुन्हा मिटून बसले. मला एकच गोष्ट कळत नव्हती. आजारी मासा बरणीत ठेवला की चार दिवसांत टवटवीत व्हायचा. पेटीत सोडला की पुन्हा आजारी. शेवटी चाचा म्हणाले, मी येऊन बघतो.

ते दुपारी आले. आप्पांनी त्यांना खुर्ची दिली, आईने चहा केला. चाचा पेटीसमोर वाकून बघत होते, पाण्याचा वास घेत होते, हवेच्या नळीला बोट लावत होते. तेवढ्यात आक्का आतून आली, हातात पाण्याने भरलेला तांब्या. आक्काची पूजेची तांब्याची घागर वेगळी होती. दर सोमवारी ती चिंच लावून ती अशी घासायची की डोळे दिपावेत. तिच्यातलं पाणी ती देवाला घालायची आणि एखादा घोट स्वतः घ्यायची, आम्हालाही कोणाला मिळत नसे. आप्पांचं भांड्यांचंच दुकान, त्यामुळे तांब्याचं पाणी म्हणजे अमृत, हे आमच्या घरात कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती. "बघा पावणं," ती चाचांना म्हणाली, "माझ्या घागरीतलं पाणी घालतो मी ह्यांना. वाकड्या दुखण्याला पडला तवापास्नं रोज पहाटे एक तांब्या. असलं पाणी कुठं मिळायचं न्हाय." आणि तिने तांब्या पेटीत ओतला. मला ते माहीतच नव्हतं. पेटीतलं पाणी कमी कसं होत नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

चाचांनी एकदा तांब्याकडे बघितलं. त्यांनी चहा संपवला, चहा चांगला होता म्हणाले, आणि उठले. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा सायकलचं कुलूप काढता काढता त्यांनी हळू आवाजात सांगितलं की तांबं पाण्यात उतरतं, त्यातून चिंचेनं घासलेलं तर जास्तच. माणसाला त्याचं काही नाही, पण या उघड्या अंगाच्या माशांना ते सोसत नाही. मी म्हटलं, मग तुम्ही आत का नाही सांगितलं? ते म्हणाले, "एवढ्या मायेनं घालत होती ती बाई. माझ्या तोंडातनं निघंना. तू घरची हायस, तू सांग."

मी सांगितलं नाही. चौदा वर्षांच्या मुलीला जेवढी अक्कल असते तेवढीच मला होती. मी ठरवलं, आक्काला न कळू देता काम भागवायचं. ती पहाटे पूजा आटोपून तांब्याभर पाणी घालायची. ती स्वयंपाकघरात गेली की मी उठून पेटीतलं दोन कळशा पाणी काढायचे आणि बादलीतलं भरायचे. दहा दिवसांत मासे सुधारले. मिशा वाढायला लागल्या, दोडक्यासाठी धक्काबुक्की सुरू झाली. मी स्वतःवर खूश होते. आणि आक्का त्याहून खूश होती. आपल्या घागरीच्या पाण्याने गुण आला असं तिने गल्लीत सांगितलं आणि एका तांब्याचे दोन केले. मी चार कळशा काढायला लागले. मग तिने सकाळ-संध्याकाळ सुरू केलं. आता आठवलं की हसू येतं: एक बाई माशांना विष घालते आहे, एक मुलगी ते उपसते आहे, दोघींचाही जीव माशांवर, आणि आई चुलीपाशी बसून विचारते आहे, या घरात पाणी एवढं कुठं जातंय?

मग शाळेची पन्हाळ्याला सहल गेली. मी पहाटेच निघाले आणि दिवे लागायच्या सुमारास घरी आले. आक्का पेटीजवळ उभी होती. वाकड्या वाळूवर आडवा पडला होता, कल्ले भराभरा हलत होते, आणि बाकीचे तिघं वर तोंड करून हवा गिळत होते. आक्का म्हणाली सकाळपासून असंच करतोय, तीन तांबे घातले तरी उतार पडेना. आणि चौथा तांब्या तिच्या हातात होता. ती तो ओतणार एवढ्यात मी तिचं मनगट धरलं. आमच्या घरात आक्काचा हात कोणी धरत नसे.

"आक्का, घालू नको. त्यानंच होतंय."

मी सगळं सांगितलं. चाचा काय म्हणाले ते, मी रोज पाणी काढत होते ते, आधीचे दोन मासे कशाने गेले ते. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते. आक्काने तांब्या खाली ठेवला. मला वाटलं ती रडेल, किंवा आत जाऊन पडेल. ती म्हणाली, बरणी आण. आम्ही वाकड्याला बरणीत घेतलं, पेटीतलं निम्म्याहून जास्त पाणी काढलं, बादल्यांतलं पाणी भरलं. आप्पाही दुकानातून येऊन धोतर खोचून कळशा वाहायला लागले. सगळं झाल्यावर ती भिंतीला टेकून बसली आणि मग माझ्याकडे वळली.

"तुला किती दिवस झाले कळून?"

मी सांगितलं, महिना होत आला.

"आन् मला सांगितलं न्हाईस. का? मला वाईट वाटंल म्हणून?" मी मान हलवली. "मला वाईट वाटलं असतं तर मी मेलो असतो का? त्यांचा जीव जात होता की गं. माझ्या मनासाठी तू त्यांचा जीव टांगून ठिवलास." मग थोड्या वेळाने तिने चाचांचाही हिशेब लावला. एवढा शहाणा माणूस, म्हणाली, चहा पिऊन गप निघून गेला. तिचा आवाज चढला नव्हता आणि म्हणूनच मला ते इतकं लागलं. पुढे आयुष्यात कोणाला वाईट वाटेल म्हणून एखादी गोष्ट पोटात ठेवायची वेळ आली की मला ते वाक्य ऐकू येतं. दर वेळी मी बोललेच असं नाही. पण ऐकू येतं.

वाकड्या पाच दिवस बरणीत होता. पहिले दोन दिवस तो हलला नाही. आक्का देवपूजा सोडून बाकी सगळा वेळ बरणीपाशी होती. पाणी मी बदलायचे आणि ती प्रत्येक वेळी विचारायची, कशातलं हाय? तिसऱ्या दिवशी त्याने दोडक्याला तोंड लावलं. आक्काने ही बातमी स्वयंपाकघरात, जिन्यात आणि समोरच्या गॅलरीत अशा तीन ठिकाणी मोठ्याने दिली. पाचव्या दिवशी त्याने तिला डोळा मारला, असं ती म्हणायची.

आपली चूक तिने लपवली नाही. आप्पांच्या दुकानात ती दुपारचा डबा घेऊन जायची. एकदा एक पाहुणी तांब्याची कळशी निवडत होती आणि आप्पा सवयीने तांब्याच्या पाण्याचे गुण सांगत होते. आक्का मध्येच म्हणाली, माणसाला लई चांगलं, पण घरात मासं असतील तर त्यांना घालू नका, माझ्या हातानं दोन मेल्यात. ती बाई गोंधळून आप्पांकडे बघायला लागली. आप्पांनी घाम पुसला. कळशी शेवटी विकली गेली, पण त्यानंतर ते डबा न्यायला मलाच सांगायला लागले.

श्रावणातली गोष्ट. बाहेर आठवडाभर झड लागलेली, पाणी गार झालेलं. मी सकाळी दात घासत होते तेव्हा आक्काची हाक आली. ती पेटीच्या काचेला नाक लावून उभी होती. काचेवर आतल्या बाजूने साबुदाण्यापेक्षा बारीक, पारदर्शक मणी चिकटले होते, इथे चार, तिथे सहा, आणि चारही मासे त्यांच्यापाशी लगबगीने फिरत होते. वाकड्याचं पोट, जे आठवडाभर फुगलेलं दिसत होतं, ते उतरलं होतं. म्हणजे वाकड्या वाकडी होती.

"हे काय चिकटलंय गं?" आक्काने विचारलं.

सोमवार होता. तिची पूजा व्हायची होती, ओले केस पाठीवर होते. सोमवारी टॉवेल टाकायचा नियम केव्हाच बंद झाला होता, तरी हा शब्द आमच्या घरात सोमवारी तर सोडाच, इतर वारीही कोणी उच्चारत नसे. मी तोंडावरचा फेस पुसला.

"अंडी हायत, आक्का."

तिने माझ्याकडे बघितलं, मग काचेकडे. मग आत तोंड करून आईला अशी हाक मारली की समोरच्या गॅलरीतल्या बायकाही बाहेर आल्या. म्हणाली, खपलीचे गहू भिजत घाल, हुग्गी करायची आहे.

हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, दुसऱ्या दिवशी झाली. गुळाची, वरून खसखस आणि तूप. एक डबा बाजूला भरला तो चाचांसाठी. मी म्हटलं, मी देऊन येते. आक्का म्हणाली, न्हाय, मी येतो. आणि साठी ओलांडलेली आक्का, इरकलीचा काष्टा नीट आवरून, डबा मांडीवर घेऊन माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसली. पाऊस थांबला होता. मी जीव खाऊन पायडल मारत होते आणि मागून ती रस्त्यातल्या माणसांना, रिक्षांना आणि एका म्हशीला बाजूला व्हायला सांगत होती. सगळे बाजूला होत होते. बोळापाशी उतरून ती थेट चाचांच्या दुकानात शिरली. चाचा तिला बघून स्टुलावरून उठलेच. मला वाटतं त्यांनाही तो चहा आठवला असावा. त्यांनी विचारलं, काय झालं, कोण आजारी हाय?

आक्काने डबा त्यांच्या हातात दिला आणि त्यांचंच स्टूल ओढून त्यावर बसली.

"आजारी कोण न्हाय. घरात बाळंतीण हाय. तिला काय खायला घालायचं ते सांगा. आन् पावणं, ह्या खेपेला सगळं सांगा."